पेट्रोलचा हिशोब लावलास, पण टायर कुठे गेला?

'टाकी फुल' या नावाने आलेलं पत्र बरंच मोठंय, आणि सोबत सर्व्हिसिंगच्या बिलांचे फोटोपण आहेत (असे वाचक मला फार आवडतात), म्हणून थोडक्यात सांगतो. घर ते ऑफिस रस्त्याने ४६ किलोमीटर. दोन वर्षं ट्रेनने जातोय, म्हणजे घरून ६ किलोमीटर गाडीने स्टेशन, तिथे पार्किंग, मग ५५ मिनिटं ट्रेन, आणि उतरल्यावर बस. घरापासून ऑफिसपर्यंत धरून एका बाजूला १ तास ५० मिनिटं. गाडीने थेट गेलं तर १ तास २५ मिनिटं. महिन्याचे २२ दिवस. गाडी म्हणजे १५० सीसीची मोटरसायकल, तीन वर्षं जुनी, मीटरवर २१ हजार. "दादा, मी हिशोब केला, गाडीचं पेट्रोल महिन्याला साडेचाळीस लिटर, आणि ट्रेनचा पास, पार्किंग, बस सगळं मिळून ३४ लिटर पेट्रोलच्या किंमतीएवढं होतं. म्हणजे फरक फक्त साडेसहा लिटरचा आणि रोजची ५० मिनिटं वाचतात. गाडी तर आहेच. बायको म्हणते ट्रेनच बरी. तुम्हीच सांगा काय करू." आणि सगळ्यात शेवटी, सही करायच्या आधी, एक ओळ, "शिवाय चालवायला मजा येते."

अरे मित्रा, आधी तुझं कौतुक करतो. सगळा खर्च लिटरमध्ये मोजायची आयडिया एक नंबर आहे. मी हे सदर इतके दिवस चालवतोय, लोक पैशात आकडे पाठवतात आणि पेट्रोलचा दर बदलला की सगळं शिळं होतं. लिटरमध्ये मांडलं की निदान गाडीची बाजू तरी हलत नाही. कुठलंही बिल घ्यायचं, त्या दिवशीच्या पेट्रोलच्या दराने भागायचं, झालं. मी पण खाली तसंच करतो. पैसे तुझे तू काढ.

पण तुझा हिशोब दोन्ही बाजूंनी चुकलाय. फक्त गाडीच्या बाजूनेच चुकला असता तर मी म्हटलं असतं की मुद्दाम केलंस, पण ट्रेनचा खर्चपण कमीच धरलायस, त्यामुळे तुझ्या प्रामाणिकपणावर शंका नाही :)

आधी अॅव्हरेज. रोजचे ९२ किलोमीटर गुणिले २२, म्हणजे २,०२४ किलोमीटर महिन्याला. तू ५०चं अॅव्हरेज धरलंस म्हणून साडेचाळीस लिटर आलं. हा ५० कुठून आला? गाडीच्या डिस्प्लेवर दिसतो म्हणून. पण त्याच पत्रात दुसऱ्या पानावर तू स्वतःच लिहिलंयस की मागच्या महिन्यात टाकी फुल केली, ४६८ किलोमीटर फिरलास आणि परत फुल करायला ११ लिटर लागलं. मग भाग की! साडेबेचाळीस येतं. डिस्प्लेवरचा आकडा हा गाडीने लावलेला अंदाज असतो, तोपण बऱ्याचदा स्वतःच्या बाजूने लावलेला, आणि कंपनी जो आकडा जाहिरातीत देते तो ठरावीक टेस्टमधला असतो, त्यात तुझा सिग्नल नाही, तुझा वारा नाही, तुझी डबा आणि लॅपटॉपची बॅग नाही. खरं अॅव्हरेज एकाच पद्धतीने कळतं, फुल टू फुल, तेही एकाच पंपावर, गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून, आणि एकदा करून थांबायचं नाही तर तीन-चार वेळा करून सरासरी काढायची. तर साडेबेचाळीसने तुझं महिन्याचं पेट्रोल साडेसत्तेचाळीस लिटर होतं. सात लिटर इथेच गेले.

आणि हे पण तू आत्ता जशी चालवतोस तसं. रोज ४६ किलोमीटर जायचं म्हटल्यावर माणूस हळूच वेग वाढवतो, उशीर झाला की अजून वाढवतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणजे ६०च्या ऐवजी ८०ने गेलास तर वेग सव्वापटीपेक्षा थोडाच जास्त वाढला, पण वाऱ्याशी झटापट पावणेदोन पटीच्या वर गेली, आणि मोटरसायकलवर बसलेला माणूस म्हणजे वाऱ्याच्या दृष्टीने उघडं दारच असतं. ती २५ मिनिटं जर ८०च्या वेगाने मिळवलेली असतील तर त्या वेगाचं अॅव्हरेज वेगळं मोजून बघ, साडेबेचाळीस पण राहणार नाही. तोपर्यंत मी तुझ्या बाजूने साडेसत्तेचाळीसच धरतो.

आता खरी गंमत बिलांमध्ये आहे. मागच्या वर्षी तुझी गाडी ८,१०० किलोमीटर चालली आणि सर्व्हिसिंग, ऑइल, ब्रेक पॅड, एक पंक्चर असं मिळून ५४ लिटरच्या किंमतीएवढा खर्च झाला. ऑफिसला गाडीने गेलास तर नुसते ऑफिसचेच वर्षाला २४ हजारांच्या वर किलोमीटर होणार, म्हणजे बरोब्बर तिप्पट. खर्च पण तिप्पट, १६२ लिटर, महिन्याला साडेतेरा. तू म्हणशील सर्व्हिसिंग तर दर चार महिन्यांनी असते. नाही रे, सर्व्हिसिंगच्या कार्डावर दोन आकडे असतात, महिने आणि किलोमीटर, आणि जो आधी येईल तो पाळायचा. आत्तापर्यंत तुझे महिने आधी यायचे, यापुढे किलोमीटर आधी येतील. तुझ्या गाडीचं ऑइल दर ३ हजारांना बदलायचं लिहिलंय, म्हणजे साधारण दीड महिन्याला एकदा, वर्षातून आठ वेळा. आठ वेळा गॅरेजला अर्धा दिवस, तो पण कुठल्यातरी सुट्टीचाच जाणार ना.

आणि त्या बिलांमध्ये जे नाहीये ते जास्त महत्त्वाचं आहे. टायर नाहीये, चेनसेट नाहीये. कसं असणार, २१ हजारांत ते बदलायची वेळच आली नाही. चेन, पुढचं-मागचं स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ती दातेरी चाकं) हा सगळा सेट तुझ्या क्लासच्या गाडीला नीट साफ करून, दर ५००-७०० किलोमीटरला ल्यूब मारून, टाइट करून ठेवला तर २०-२५ हजार जातो, नाही ठेवला तर त्याआधीच कडकड करायला लागतो. मागचा टायर पण साधारण तेवढाच, पुढचा थोडा जास्त. म्हणजे आत्ता दर तीन वर्षांनी येणारा खर्च दरवर्षी येणार. तुझ्या मेकॅनिकने जे अंदाज दिलेत (शाबास, विचारून ठेवलंस) त्यावरून चेनसेट, मागचा टायर आणि पुढच्या टायरचा वर्षाचा हिस्सा मिळून ७० लिटरच्या आसपास जातं, महिन्याला सहा. क्लच प्लेट मी धरतच नाहीये, ती ट्रॅफिकवर आणि तुझ्या डाव्या हातावर आहे.

मग ते वाक्य, "गाडी तर आहेच". या तीन शब्दांनी जगातले सगळे प्रवासखर्चाचे हिशोब बिघडवलेत. गाडी आहेच, बरोबर, म्हणून तिचा इन्शुरन्स मी धरला नाही, कारण तो तू ट्रेनने गेलास तरी भरणारच. जो खर्च दोन्हीकडे सारखा आहे तो वजनकाट्यावर ठेवायचाच नाही. पण गाडी "आहे" ती वापरल्याने कमी होत जाते. ट्रेनने जात राहिलास तर दोन वर्षांनी मीटर ३७ हजारांवर असेल, गाडीने गेलास तर ऑफिस आणि बाकीची फिरती धरून ८० हजारांना टेकेल. त्या दोन गाड्यांना विकताना एकच किंमत येईल का? सेकंडहँडच्या जाहिराती उघड, तेच मॉडेल, तेवढीच जुनी, एक कमी चाललेली आणि एक जास्त चाललेली शोध, फरकाला २४ महिन्यांनी भाग. मी महिन्याला ८ लिटर धरतोय आणि माझ्या मते हे कमीच आहे, कारण ८० हजारांच्या गाडीला गिऱ्हाईक नुसतं कमी किंमत देत नाही, आधी फोनच उचलत नाही.

साडेसत्तेचाळीस, साडेतेरा, सहा, आठ. ७५ लिटर. तुझ्या चाळीसच्या जागी पंचाहत्तर.

आता ट्रेन, नाहीतर म्हणशील दादा आधीच पास काढून बसलेत. तुझ्या ३४ लिटरमध्ये पास १६, पार्किंग ८ आणि बस १०. पण घर ते स्टेशन गाडीनेच जातोस ना? ते पेट्रोल कोण भरतं? रोजचे १२ किलोमीटर, महिन्याचे २६४, आणि हे सगळे थंड इंजिनचे किलोमीटर, गाडी गरम होते तोवर स्टेशन येतं, त्यामुळे अॅव्हरेज ३८ धर, ७ लिटर झाले. त्याच २६४ किलोमीटरची झीज वर लावली त्याच दराने साडेतीन लिटर. म्हणजे ट्रेन ३४ला नाही, साडेचव्वेचाळीसला पडते. (सायकलने स्टेशनला गेलास तर हे साडेदहा पण जातील आणि बहुतेक पार्किंगचे पण, पण सहा किलोमीटर सकाळी घाम काढत जा असं मी सांगणार नाही, मी स्वतः जाणार नाही.)

तर फरक साडेसहा लिटरचा नाही, साडेतीस लिटरचा आहे. तू वाचवतोस किती, रोज ५० मिनिटं गुणिले २२, म्हणजे १८ तास २० मिनिटं. एक तास वाचवायला तू १ लिटर ६६० मिली मोजणार. आता प्रामाणिकपणे सांगतो, हा भाव काही फार वाईट नाहीये. तुझा तासाचा पगार लिटरमध्ये काढ, बहुतेक यापेक्षा जास्तच असेल. नुसत्या पैशावर बोलायचं तर "वेळ विकत घेतोय" असं म्हणून तू अजूनही गाडी काढू शकतोस, आणि मला त्यात खोट काढता येणार नाही.

पण थांब, तू कुठला वेळ विकत घेतोयस ते बघ ना. पत्रात लिहिलंयस की सकाळी उभं राहावं लागतं पण संध्याकाळी ट्रेन तिथूनच सुटते म्हणून बसायला मिळतं. संध्याकाळची ५५ मिनिटं बसून. महिन्याला २० तास! त्यात तू झोपतोस, मॅच बघतोस, काय करायचं ते कर, ते तुझे तास आहेत. गाडीवर बसलास की हे २० तास गेले, कारण हँडलवरचा एक तास म्हणजे ड्युटीचा एक तास, दोन्ही हात, दोन्ही पाय, डोळे, कान सगळे कामाला. म्हणजे तू १८ तास विकत घेतोस आणि २० तास देऊन टाकतोस, वर साडेतीस लिटर भरतोस. आता अशा बोलीवर कोणी व्यवहार करेल का?

हां, हे तुला उभं राहून जाताना पटणार नाही, मला माहितीय. खचाखच डब्यात एका पायावर उभा असलेल्या माणसाला कोणी "हा तुझा स्वतःचा वेळ" म्हटलं तर तो चिडेल. म्हणून मी सकाळचा तास धरलेला नाही. फक्त संध्याकाळचा.

बायको काय म्हणते ते तू एका ओळीत उरकलंस, पण का म्हणते ते लिहिलं नाहीस. मी अंदाज करतो. युरोपियन ट्रान्सपोर्ट सेफ्टी कौन्सिलने २००३ साली युरोपातल्या प्रवासाचे आकडे काढले होते, दर १० कोटी प्रवासी-किलोमीटरमागे मोटरसायकल आणि मोपेडवर १३.८ मृत्यू, रेल्वेत ०.०३५. जवळपास ४०० पट. आकडे जुने आहेत, तिकडचे आहेत, तुझ्या रस्त्याचा आणि तुझ्या ट्रेनचा आकडा वेगळा असणार, पण फरक कुठल्या बाजूला झुकतो ते कळायला एवढं पुरे. याला लिटरमध्ये बसवायचा प्रयत्न मी करत नाही. फक्त एवढं बघ की आत्ता तू ऑफिससाठी रोज १२ किलोमीटर गाडीवर असतोस, उद्या ९२ असशील, आणि त्यातले परतीचे ४६ दिवसभर काम करून, अंधारात, समोरून हायबीम. दमलेला माणूस ट्रेनमध्ये झोपला तर फार तर पुढच्या स्टेशनला उतरतो.

पावसाचे दिवस पण धरलेले नाहीत तू. रेनकोट, ग्लोव्हज, बुटांची कव्हरं हे सगळं परत खर्चात येतं, आणि त्या दिवसांत १ तास २५ मिनिटं होत नाहीत. म्हणजे तुझी २५ मिनिटांची बचत कोरड्या दिवसाची आहे. अर्थात ट्रेन पण उशिरा येते, ते मला मान्य आहे, मी एकदा अर्धा तास उशीर म्हणून स्टेशनबाहेर गेलो आणि ती दहा मिनिटांत आली, तेव्हापासून मी अनाउन्समेंटवर विश्वास ठेवत नाही. तू महिनाभर रोजची खरी वेळ मोबाईलमध्ये लिहून ठेव, दाराबाहेर पडल्यापासून खुर्चीत बसेपर्यंत. आठवणीतली वेळ नको, आपल्याला सगळ्यात वाईट दिवसच आठवतात.

आता तू जी गोष्ट ताजा कलम म्हणून टाकलीस ती माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. ऑफिसवाले म्हणतायत की पुढच्या तिमाहीपासून कदाचित आठवड्याला दोनच दिवस यायचं. तसं झालं तर वरचा सगळा निकाल उलटा होतो! कसं ते बघ. पास आणि पार्किंगचे २४ लिटर तू एक दिवस गेलास तरी जातात आणि २२ दिवस गेलास तरी तेवढेच. त्याच्यावर ट्रेनचा प्रत्येक दिवस (बस आणि स्टेशनपर्यंतची गाडी) जेमतेम एक लिटर खातो. गाडीचं तसं नाही, तिथे आधी काही भरायचं नाही पण प्रत्येक दिवस ३ लिटर ४०० मिली. म्हणजे पास हातात असताना ट्रेनने गेलेला प्रत्येक दिवस अडीच लिटर वाचवतो, आणि ते २४ लिटर वसूल व्हायला दहा दिवस लागतात. दहा दिवसांच्या वर पास फायद्याचा, खाली तोट्याचा. महिन्याला आठच दिवस जायचं असेल तर गाडी २७ लिटरच्या आसपास आणि पासवाली ट्रेन साडेएकतीस. तेव्हा मग पास काढायचाच नाही, रोजचं सुटं तिकीट आणि एका दिवसाचं पार्किंग काय पडतं ते बघून ठरवायचं. सुट्या तिकिटाचा दर तू लिहिला नाहीस, तो घेऊन वरच्या एक लिटरमध्ये मिळव आणि ३.४शी ताडून बघ.

सगळ्यात महागात कोण पडतं माहितीय? जो पास काढून ठेवतो आणि आठवड्यातून तीन दिवस "आज उशीर झाला" म्हणून गाडी काढतो. तो दोन्हीकडे भरतो. तुझ्या पत्राचा सूर बघता तू त्याच वाटेवर आहेस, म्हणून सांगतोय.

तर आत्ता, २२ दिवस जायचंय तोवर, ट्रेन. पास एका महिन्याचाच काढ, तीन महिन्यांचा थोडा स्वस्त पडतो हे मला कळतं पण पुढच्या तिमाहीचं नक्की नाहीये ना. आणि बुधवारची ती मीटिंग, जी संपल्यावर ५० मिनिटं प्लॅटफॉर्मवर बसावं लागतं, त्या दिवशी गाडी ने. महिन्याचे चार बुधवार म्हणजे दहा लिटर जास्त, ते मी तुझ्या "मजा" या खात्यात टाकतो. पत्रात अॅव्हरेज हा शब्द नऊ वेळा आलाय आणि मजा एकदाच, पण मला वाटतं पत्र त्या एका शब्दासाठीच लिहिलंय, आणि त्यात लाजायचं काय? गाडी आवडते म्हणून चालव की. फक्त तिला बचतीचं जॅकेट घालून बायकोसमोर उभी करू नकोस, ती बिलं तिने पण बघितली असतील. बुधवारी मीटिंग फारच लांबली, डोळे मिटायला लागले किंवा पाऊस आला तर गाडी ऑफिसच्या पार्किंगला ठेवून शेवटच्या ट्रेनने घरी ये, गुरुवारी ट्रेनने जा आणि येताना आण. त्या रात्री स्टेशनवरून घरी न्यायला आणि सकाळी परत स्टेशनला सोडायला कोणीतरी लागेल, ते आधीच ठरवून ठेव.

३५० सीसीची नवीन गाडी घेऊ का असं पण विचारलंयस. या कारणासाठी नको. नवीन गाडी घेतलीस की "गाडी तर आहेच" पण राहत नाही, पूर्ण घसारा आणि हप्ता या प्रवासाच्या डोक्यावर येतो, अॅव्हरेज कमी, टायर महाग. हौस म्हणून घ्यायची असेल तर मला वेगळं पत्र लिही, त्याला मी कदाचित हो म्हणेन.

आणि हो, पार्किंगच्या पासची तारीख रेल्वेच्या पासच्या तारखेशी जुळवून घे. तुझ्या फोटोत एक ४ तारखेला संपतोय आणि दुसरा १९ला, म्हणजे ज्या महिन्यात ऑफिसचं बदलेल त्या महिन्यात दोनातला एक पास अर्धा वाया जाणार.